अस्तरातलं वजन

दर सोमवारी सकाळी साडेनऊला बाबा वजनकाट्यावर चढायचे आणि लेक श्वास रोखून उभी राहायची. आकडा उमटायच्या आधी काट्याच्या काचेवर क्षणभर तीन आडव्या रेघा यायच्या. तेवढ्या वेळात तिचा जीव टांगणीला लागायचा. मग आकडा यायचा, वजनवाली सिस्टर तो मोठ्यानं वाचायची, फायलीत टिपायची आणि म्हणायची, "छान. धरून आहे."

त्या 'धरून आहे'वर लेक पुढचा आठवडा काढायची.

बाबा शिंपी होते. पुरुषांचे कोट, पँट, जाकिटं. चाळीस वर्षं एकच गाळा, पुढं दुकान आणि मागं दोन खोल्यांचं घर. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. लेक ग्रंथालयात कामाला होती. बाबा तिला 'बटण' म्हणायचे. तीन वर्षांची असताना तिनं एका गिऱ्हाइकाच्या कोटाचं बटण गिळलं होतं आणि सगळ्या घराला दोन दिवस घोर लावला होता. बटण तिसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर आलं, नाव मात्र राहिलं ते राहिलंच.

दुखण्याची सुरुवात ब्रेडपासून झाली. तुकडा घशाखाली उतरेना. बाबांनी आधी ब्रेडला नावं ठेवली, मग बेकरीवाल्याला, मग स्वतःच्या दातांना. पुढं सगळं दुधात बुडवून खाऊ लागले आणि विचारलं तर म्हणायचे, "असंच बरं लागतं." एक दिवस पाण्याचा घोट अडकून परत आला, तेव्हा लेकीनं हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर उभी नळी काढली आणि तिच्या मध्यावर पेन्सिलीनं गाठ गिरवली. अन्ननलिकेचा कॅन्सर. बाबांनी ते चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"म्हणजे बाही मध्येच आवळली गेलीय," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

पाच आठवडे उपचार ठरले. सोमवार ते शुक्रवार किरणं आणि दर सोमवारी सलाईनमधून औषध. ऑपरेशनचं नंतर बघायचं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन सांभाळा. आज छप्पन्न किलो चारशे ग्रॅम आहे. पन्नासच्या खाली गेलं, तर पोटावर छोटं छिद्र करून नळी बसवू आणि तिच्यातून अन्न देऊ."

"ते नको," बाबा म्हणाले. सगळ्या बैठकीत त्यांनी नको म्हटलेली ही एकच गोष्ट.

त्याचं कारण बाहेर बाकावरच बसलेलं होतं. निवृत्त बसकंडक्टर, बाबांच्याच वयाचे, दुखणंही तेच. त्यांच्या पोटाला नळी होती. ती बाहेर काढायला जागा हवी, म्हणून शर्टाची खालची दोन बटणं कायम उघडी. वर चिकटपट्ट्या. माणूस हसरा, बोलका, पण बाबांची नजर जायची ती त्या उघड्या बटणांवर. जन्मभर लोकांना नीट झाकून बाहेर पाठवणारे शिंपी ते. घरी आल्यावर म्हणाले, "चांगल्या माणसाची काय दशा करून ठेवलीय."

झालं, लेकीनं कंबर कसली. ग्रंथालयातून रजा काढली, नवा मिक्सर आणला. बटाट्याचं गाळलेलं सूप, दूध-केळं, अर्धकच्चं अंडं. फ्रिजवर तक्ता लावला. किती वाजता किती कप, खाली सोमवारचं वजन. एक कप संपायला पाऊण तास लागायचा. बाबा शिस्तीत चमच्यामागून चमचा घ्यायचे, प्रत्येक चमच्यानंतर मान किंचित पुढं करून थांबायचे, आत काहीतरी खाली सरकायची वाट पाहायचे. ती समोर बसून वाट पाहायची.

आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, एक दिवसाआड येऊन बसायची. "दादा, लहानपणी माझ्या ताटातलं पळवून खायचास," ती म्हणायची. "आता तुझ्या हक्काचं समोर ठेवलंय, तर नखरे."

"तुझ्या ताटातलं जास्त चविष्ट असायचं."

"मग आण इकडं. मी उष्टं करून देते."

बाबा हसायचे आणि दोन चमचे जास्त जायचे. म्हणून लेकीला आत्या हवीशी वाटायची.

एवढं करून दुसऱ्या सोमवारी काटा चोपन्न किलो नऊशेवर आला. एका आठवड्यात दीड किलो गेलं. लेक घरी येऊन तक्त्यासमोर उभी राहिली, पाठ दाराकडे. आकडा लिहिला. मग बराच वेळ हातातलं पेन तसंच. त्या दिवशी ती जेवली नाही, दुसऱ्या दिवशी नावाला जेवली. बाबा दुकानातून येताजाता पाहत होते. 

त्या शनिवारी बऱ्याच दिवसांनी शिलाईमशीनचा आवाज आला. तिला इतकं बरं वाटलं की ती मुद्दाम आत राहिली, म्हटलं मध्ये जायला नको. रविवारी संध्याकाळी बाबा नवं जाकीट घालून समोर आले. राखाडी फ्लॅनेल, जाड अस्तर, गळ्यापर्यंत बटणं.

"थंडी फार वाजते," ते म्हणाले. "त्या किरणांच्या खोलीत तर हाडं गारठतात."

"छान दिसतंय. मापात बसलंय अगदी."

"माप घेताना गिऱ्हाईक पोट आत ओढत नव्हतं ना, म्हणून." ही बाबांची जुनी तक्रार. माप देताना माणसं छाती फुगवतात, पोट आत घेतात, आणि कोट घट्ट झाला की शिंप्याच्या नावानं बोंब मारतात.

तिसऱ्या सोमवारी वजन चोपन्न आठशे. चौथ्या सोमवारी चोपन्न सहाशे. सिस्टर म्हणाली, धरून आहे. कंडक्टरकाका बाकावरून म्हणाले, "तुमच्या लेकीला माझ्याकडं पाठवा थोडे दिवस." बाबांना कुडकुडताना पाहून सिस्टर त्यांना जाकीट काढायला सांगत नसे.

खरं तर लेकीच्या डोळ्यांना दिसत होतं. गाल आत गेले होते. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरायचं. पण आकडा चोपन्न म्हणत होता. आपले डोळे भित्रे आहेत, आकड्याला भीती नसते, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. वाचणाऱ्या माणसाला छापील गोष्टीवर विश्वास ठेवायची खोडच असते.

त्या चौथ्या आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. किरणांच्या खोलीबाहेर ती बसली होती. रोज दहा मिनिटांत बाबा बाहेर येत. आत जाताना जाकीट स्वतः काढायचे, स्वतः खुंटीला लावायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांच्या छातीवर शाईच्या खुणा होत्या, किरणं नेमकी कुठं पडायची त्याच्या. पहिल्या दिवशी त्या पाहून बाबा खूश झाले होते. म्हणाले होते, "हेही खडूनं आखूनच कापतात."

आज पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग दार उघडून मशीनवाला बाहेर आला. गुबगुबीत, सौम्य माणूस, हातात बाबांचं जाकीट.

"घाबरू नका," तो म्हणाला. "उठताना जरा चक्कर आली त्यांना. पडून आहेत, पाणी दिलंय. हे तेवढं धरा. काय हो, दगड भरलेत की काय यात?"

तिनं हात पुढं केला आणि हात खाली गेला.

"आणखी एक," तो म्हणाला. "खुणा जुळवताना दोन दिवस त्रास होतोय. आमच्या फोटोत अंग बरंच उतरलेलं दिसतं. आणि फायलीत वजन तर जवळपास तेवढंच आहे. उद्या डॉक्टरांना भेटूनच जा."

तो आत गेला. ती बाकावर बसली, जाकीट मांडीवर घेतलं आणि अस्तरावरून बोटं फिरवली. आत वाटोळं काहीतरी लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक. मग ओळच्या ओळ. तिला बघायची गरजच नव्हती. लहानपणी याच चकत्यांनी ती दुकानातल्या टेबलाखाली खेळली होती. शिशाच्या चकत्या. जड पडदे आणि लांब कोट सरळ पडावेत म्हणून शिंपी त्या खालच्या दुमडीत घालतात. इथं त्या कापड आणि अस्तर यांच्या मधे चार ओळींत बसवल्या होत्या, दहा-दहा. एकमेकींवर वाजू नयेत म्हणून प्रत्येकीला वेगळा कप्पा. वरच्या दोन ओळींची शिवण जुनी, तिसरी नंतरची, चौथीचा दोरा अगदी नवा. टीप इतकी बारीक की बाहेरून कळायची सोय नव्हती.  तिच्या मनात आलं, काय हात आहे या माणसाचा.

घरी जाताना बसमध्ये बाबांनी हात पुढं केला. "दे. थंडी वाजते."

तिनं दिलं. त्यांनी चढवलं, बटणं लावली, खिडकीबाहेर बघत बसले. 

दुकानात आल्यावर ती कापायच्या टेबलावर चढून बसली, लहानपणी बसायची तशी. बाबा मशीनसमोरच्या स्टुलावर.

"चाळीस आहेत," ती म्हणाली.

बाबांनी टेबलावरची कात्री उचलली, उघडली, मिटली. "मोजल्यास वाटतं."

"बाबा, का?"

"नळी नको होती मला."

"एवढंच?"

बाबांनी कात्री टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "त्या सोमवारी तू जेवली नाहीस. मला वाटलं, माझं वजन जातंय ते जातंय, हिचं तरी राहू दे."

तिनं आवंढा गिळला. तेवढं तिला जमलं.

"आणि तू माझ्याकडं बघायचीच नाहीस, बटण," ते पुढं म्हणाले. तक्रार म्हणून नाही, कापडाचा पोत सांगावा तसं. "दिवसभर चमच्याकडं बघायचीस आणि सोमवारी काट्याकडं. म्हटलं, काट्याकडं बघतेय तर निदान काटा तरी चांगला दिसू दे."

आतल्या खोलीत फ्रिज घुरघुरत होता, त्याच्यावर तो तक्ता.

"खरं वजन किती आहे?"

"ते नाही माहीत. चकत्या अंदाजानं वाढवल्या. आधी वीस, मग दहा, रविवारी रात्री आणखी दहा. तरी थोड्या कमी पडल्या. पण मापं आहेत." ते उठले आणि फळीवरची मापांची वही काढली. लांबट, कापडी बांधणीची. गिऱ्हाइकांची पानं उलटत मागं गेले. एका पानावर वर लिहिलं होतं, 'स्वतः'. खाली चार सोमवार, तारखांसह. छाती, कंबर, दंड, गळा. छाती पस्तीस, चौतीस, सव्वातेहेतीस, बत्तीस. कंबर एकतीसवरून साडेसत्तावीस.

"हे खरं?"

बाबांना राग आला. सगळ्या आजारपणात तो पहिल्यांदाच आला असेल. "या वहीत कधी खोटं लिहिलेलं बघितलंयस?"

दुसऱ्या दिवशी ती त्यांच्याआधी एक शब्द बोलणार नव्हती. रात्रीच ठरवलं होतं तिनं. आपण सांगितलं तर ते पकडले गेलेले होतील. त्यांनी सांगितलं तर ते बाबाच राहतील. पण त्यांनी नाही सांगितलं तर? बसमध्ये सगळी वाट ती तोच विचार करत होती.

गुरुवार, वजनाचा दिवसही नव्हता. बाबा सरळ वजनवाल्या सिस्टरच्या टेबलाशी गेले, जाकिटाची बटणं एकेक करून सोडली आणि ते तिच्या हातात दिलं. "सिस्टर, जरा जपून. जड आहे." मग चपला काढून काट्यावर चढले.

तीन आडव्या रेघा आल्या. सत्तेचाळीस किलो तीनशे.

"लिहा," बाबा म्हणाले.

सिस्टरनं आकड्याकडं पाहिलं, हातातल्या जाकिटाकडं पाहिलं आणि ते एकटंच काट्यावर ठेवलं. सहा किलो शंभर.

"जाकीट धरून आहे," ती म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "आजोबा, एवढं अंगावर घेऊन फिरत होतात तुम्ही? रोज?"

"सोमवारीच घालणार होतो. पण फक्त सोमवारीच थंडी वाजते म्हटलं, तर कुणाला पटलं असतं?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं लेकीला वाटलं. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. औषधाचं प्रमाण वजनावर ठरतं, म्हणजे ते जरा जास्त गेलं असणार. तोंड आलंय ते त्यामुळंही असेल. किरणांची आखणी पहिल्या दिवशीच्या अंगावर केलेली असते, ते अंग आता राहिलेलं नाही.

बाबा मान खाली घालून ऐकत होते. "म्हणजे तुम्ही जुन्या मापावर कापत होतात."

"हो."

"आणि चूक गिऱ्हाइकाची. पोट आत ओढून माप दिलं." त्यांनी पिशवीतून वही काढली. "वजन खोटं होतं, बाई. ही मापं खरी आहेत. उपयोग होत असेल तर बघा."

डॉक्टरीणबाईंनी 'स्वतः'चं पान वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "कुठल्या आठवड्यात किती उतरलात ते यावरून कळतं. फार उपयोग आहे. पानाची प्रत काढून घेते. फार उशीर झालेला नाही. नवं माप घेऊ, नवी आखणी करू." जरा थांबून म्हणाल्या, "आणि नळी?"

बाबांनी लेकीकडं पाहिलं. ती त्यांच्याचकडं बघत होती.

"पाडा काज," ते म्हणाले.

नळी बसली. चार दिवस उपचार थांबले, नवी आखणी झाली आणि राहिलेले दिवस पार पडले. नळीतून अन्न सोडायचं कसं ते लेक शिकली. पिचकारी किती उंच धरायची, आधी पाणी, शेवटी पुन्हा पाणी, घाई करायची नाही. पहिल्या दिवशी पिचकारीतलं पाणी तिनं चादरीवर सांडलं. बाबा म्हणाले, "सुईत दोरा ओवतेयस असं समज. श्वास सोडून दे आधी." पुढं पुढं ते जेवण चालू असताना पेपर वाचू लागले. आत्या म्हणाली, "राजेशाही आहे दादाची. चावायचेसुद्धा कष्ट नाहीत." पण स्वयंपाकघरात जाऊन तिनं डोळे पुसलेले लेकीनं पाहिले.

नळी बसवून घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी बाबा मशीनवर बसले. जाकीट उसवलं. चकत्या निघाल्या, त्यांतल्या बाराएक त्यांनी खोलीच्या पडद्याच्या दुमडीत घातल्या, कारण तो वाऱ्यानं उडून तोंडावर यायचा. मग स्वतःच्या शर्टाला डाव्या कुशीत आडवी चीर दिली, तिच्यावर झाकण बसवलं, आतून नळी ठेवायला मऊ खिसा. झाकण मिटलं की शर्ट शर्टासारखा. वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावलेली. उपचारांच्या शेवटच्या आठवड्यात कंडक्टरकाकांनी ते पाहिलं आणि बाकावरून उठून उभे राहिले.

"शिंपीदादा, मला एक?"

"उभे राहा नीट. पोट आत ओढू नका."

"आत ओढायला राहिलंय कुठं," कंडक्टरकाका म्हणाले, आणि दोघं हसत सुटले.

उपचार संपल्यावर सात आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तोंडानं घेऊन बघायला सांगितलं. अर्धा चमचा मऊ अंडं. बाबांनी ते तोंडात घोळवलं, मान पुढं केली, थांबले. लेक चमच्याकडं बघत नव्हती. तिनं त्यांच्या कपाळावरची आठी पाहिली, भुवया वर गेलेल्या पाहिल्या, मग हळूहळू सगळा चेहरा सैल पडलेला पाहिला.

"उतरलं," बाबा म्हणाले.

ऑपरेशन झालं नाही. अंगाला झेपणार नाही असं ठरलं. फ्रिजवरचा तक्ता लेकीनं काढून टाकला होता. दवाखान्याबाहेर वजन करायचं नाही, घरी फक्त मापं घ्यायची, असा बाबांचा हुकूम होता. 'स्वतः'च्या पानावर पुढं एकतीस सोमवार आहेत. ते पान अपुरं पडलं म्हणून शेजारचंही वापरलं आहे. त्यानंतर वही कोरी आहे. त्या एकतीस सोमवारांची अक्षरं लेकीची आहेत, कारण आपल्याच छातीभोवती टेप धरायचे कष्ट बाबांना आता झेपत नव्हते.

त्यातला पहिला सोमवार. बाबा खिडकीपाशी उभे, हात जरासे वर केलेले. शिंप्याची पोर असून तिनं जन्मात कुणाचं माप घेतलं नव्हतं. तिनं कमरेभोवती टेप फिरवली, पुढं आणून जुळवली. आधीच्या नोंदीत साडेसत्तावीस होतं. आताही तेवढंच. तिनं नकळत टेपच्या आत तर्जनी सरकवली, दोन्ही टोकं पुन्हा जुळवली.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. "किती?"

"अठ्ठावीस."

"बोट काढ आतलं, बटण."

तिनं काढलं. टेप अंगाला लागली. त्यांचा श्वास टेपवर येताना-जाताना तिला जाणवला.

"साडेसत्तावीस," ती म्हणाली.

"हं. लिही."